'आरोग्य हीच संपत्ती' पुरे. मुलांना केसपेपरच्या रांगेवर लिहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निबंध स्पर्धांचा हंगाम आला की आरोग्याचा विषय हमखास निघतो. 'आरोग्य हीच संपत्ती', 'आरोग्यसेवा : काल, आज आणि उद्या', असे काहीतरी. निबंधही ठरल्या साच्याचे येतात. सुरुवातीला सुभाषित, मध्ये 'लोकसंख्या वाढली, यंत्रणेवर ताण आला' आणि शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे'. शासन म्हणजे नेमके कोण, लक्ष म्हणजे नेमके काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. यात मुलांचा दोष नाही. विषयच एवढा मोठा दिलेला असतो की त्याला हात कुठून घालावा ते कळत नाही.

आमची शाळांना, कनिष्ठ महाविद्यालयांना आणि आपल्या दैनिकालाही कळकळीची विनंती आहे की विषय लहान करा. एक खिडकी, एक पाटी, एक औषधाची पुडी, एक पिंप. एवढ्याशा गोष्टीवर मूल नीट पाहून, मोजून, विचारून लिहिते तेव्हा त्या लेखनाने खरोखर काहीतरी बदलू शकते.

मराठीला ही वाट नवी नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिता लिहिता ती बाळंतिणीपाशी येऊन थांबते. घरावर धड छप्पर नाही, थंडीपावसात त्या बाईचे हाल होतात आणि बाळंतपणात एखादा रोग जडला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा, असे ती सरळ विचारते. सुविचार नाही, अलंकार नाही. एक बाई, एक उघडे घर आणि एक प्रश्न. आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवीसाठी प्रबंध लिहिला, त्याचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. आरोग्याविषयी लिहायला आधी डॉक्टर व्हावे लागत नाही. नीट पाहावे मात्र लागते.

सुरुवात रांगेपासून करावी, कारण रांग मोजता येते. 'रुग्णालयात खूप गर्दी असते' या वाक्याला कोणताही अधिकारी 'हो, असते' एवढेच म्हणेल. त्याच्यासमोर आकडा ठेवला तर त्याला उत्तर द्यावे लागते. चार मुलांचा गट आणि एक शिक्षक एवढे पुरे. पहिल्याने ओपीडीच्या दाराशी थांबून दर पाचव्या माणसाला, विचारून, क्रमांक घातलेली चिठ्ठी द्यायची आणि तिच्यावर वेळ टाकायची. दुसरा केसपेपरच्या खिडकीशी, तिसरा डॉक्टरांच्या खोलीबाहेर, चौथा औषधाच्या खिडकीशी. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपापली वेळ लिहायची, चौथ्याने ती गोळा करायची. चिठ्ठीवर नाव नाही, वय नाही, आजार नाही. फक्त क्रमांक आणि चार वेळा. चौघांची घड्याळे आधी एकमेकांशी जुळवून घ्यावीत. हे राहिले तर सगळी मेहनत वाया जाते. तीस-चाळीस चिठ्ठ्या पुरतात, पण त्या एकाच दिवशीच्या नसाव्यात. रविवारी ओपीडी बंद असल्याने सोमवारची रांग फुगलेली असते, म्हणून एक सोमवार, आठवड्याच्या मधला एक वार आणि एक शनिवार घ्यावा.

आकडे हातात आले की मुले लगेच सरासरी काढायला बसतात. ती काढू नये. एखाद्याला मध्येच एक्स-रेला पाठवले आणि तो तीन तासांनी परतला, तर त्या एकट्यामुळे सगळी सरासरी वर चढते. गणितात शिकवलेला मध्यक इथे खऱ्या कामाला येतो. सगळ्या वेळा चढत्या क्रमाने मांडायच्या आणि मधली उचलायची. मग प्रत्येक टप्प्याचा मध्यक वेगळा काढायचा. समजा, डॉक्टरांच्या दाराशी वीस मिनिटे आणि औषधाच्या खिडकीशी पन्नास मिनिटे निघाली. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण असे निघाले, तर 'डॉक्टर वाढवा' ही मागणी चुकीच्या खिडकीवर जाते. खरी गरज असते गर्दीच्या दोन तासांत औषधाची दुसरी खिडकी उघडण्याची, आणि त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

चौथ्या मुलाकडे ज्या चिठ्ठ्या पोहोचतच नाहीत, त्याही फेकू नयेत. काही माणसे दाखल झालेली असतात, काही चुकून चिठ्ठी घेऊन गेलेली असतात, पण काही औषध न घेताच निघून गेलेली असतात. कामाची वेळ झाली असेल, पोर शाळेतून सुटणार असेल. ही माणसे कोणत्याच रजिस्टरमध्ये दिसत नाहीत. दिलेल्या चिठ्ठ्या किती आणि परतलेल्या किती, हे लेखात यायलाच हवे.

रांग का लागते हेही विचारून घ्यावे. सकाळी खोलीत डॉक्टर दिसत नाहीत म्हणून 'डॉक्टर उशिरा येतात' असे लिहिले जाते. पुष्कळदा ते त्या वेळी वॉर्डात राउंड घेत असतात. राउंड संपायची वेळ आणि केसपेपर सुरू होण्याची वेळ यांचा मेळ नसतो, ही अडचण आहे. ती अशीच लिहिली तर सुटते. माणसावर खापर फोडले तर सिस्टर, डॉक्टर सगळेच बचावात जातात आणि दुसऱ्या दिवशी मुलांना आत सोडत नाहीत.

आता पाट्यांचे. मराठीच्या शिक्षकांनी हा विषय हक्काने उचलावा. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत पाट्या दोन तऱ्हेच्या दिसतात. एक म्हणजे इंग्रजी शब्द जसाच्या तसा देवनागरीत, 'पॅथॉलॉजी', 'ऑर्थोपेडिक', 'कॅज्युअल्टी'. दुसरी शुद्ध परिभाषेतली, 'विकृतिशास्त्र', 'अस्थिव्यंगोपचार', 'बधिरीकरण'. पहिली लिपीने मराठी आणि अर्थाने इंग्रजी, दुसरी मराठीच पण कोणाच्या तोंडी नसलेली. दिव्याहून किंवा तुर्भ्याहून आलेल्या बाईला हवे असते 'रक्त तपासणी', 'हाडांचे डॉक्टर', 'अपघात विभाग', 'भूल'. हे शब्द मराठीत आहेत आणि रोजच्या वापरातले आहेत. मुलांनी दाराशी उभे राहून दहा जणांना फक्त एवढे विचारावे, 'रक्त तपासणीची खोली तुम्हाला पाटी वाचून सापडली की कोणाला विचारावे लागले?' दहापैकी सात जणांनी 'विचारावे लागले' म्हटले, तर पाटीचा निकाल लागला. मग मुलांनी पाटीचा नवा मजकूर स्वतः लिहावा, तीन-चार शब्दांचा, बाणासकट. नवी मुंबईत औद्योगिक पट्ट्यामुळे बाहेरच्या राज्यांतले कामगारही रुग्ण म्हणून येतात. त्यांच्यासाठी पाटीवर साधे चित्र हवे का, तेही मुलांनी सुचवावे. दहावीला आणि बारावीला उपयोजित लेखन आहेच. परीक्षेतल्या काल्पनिक पत्रापेक्षा ही खरी पाटी मुलाला भाषेबद्दल अधिक शिकवेल.

पाटीसारखीच एक सूचना आहे, 'उपाशीपोटी यावे'. अनेक घरांत चहा हा खाण्यात धरतच नाहीत. माणूस सकाळी घोटभर चहा घेऊन येतो, साखरेची तपासणी होत नाही, त्याला उद्या यायला सांगतात आणि रोजंदारी करणाऱ्याचा एक दिवस बुडतो. सूचना खरे तर अशी हवी : 'आदल्या रात्री जेवल्यानंतर किमान आठ तास काही खाऊ नका. सकाळचा चहा, दूध, बिस्कीट घेऊ नका. साधे पाणी चालेल.' आणि जेवणानंतरची तपासणी असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या घासापासून नव्हे, हेही त्यात यावे. दोन ओळी अधिक झाल्या, पण फुकटची खेप वाचली. अशी सूचना लिहिणे हेही आरोग्यावरचे लेखनच आहे, आणि आमच्या मते निबंधाहून अवघड आहे.

औषधाच्या पुडीकडे जरा जवळून पाहा. पट्टीतून कापून दिलेल्या चार गोळ्या हातात येतात. पुष्कळ पट्ट्यांवर औषधाचे नाव एका टोकाला छापलेले असते, मुदत दुसऱ्या टोकाला. मधला तुकडा मिळाला की दोन्ही गेले. वर पेनने '१-०-१' लिहिलेले. हे सकाळ-दुपार-रात्र आहे हे आपल्याला ठाऊक असते. पहिल्यांदाच औषध नेणाऱ्या आजींना नसते. त्या जागी उगवता सूर्य, भरदुपारचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे असलेला कागदी पाकिटाचा नमुना आठवीतले मूलही काढू शकते. पाकिटावर औषधाचे नाव, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, एवढ्या तीन रिकाम्या जागा ठेवल्या की झाले. घरातल्या पट्ट्या तपासायला लावाव्यात तेव्हा डाव्या बाजूची उभी लाल रेघही दाखवावी. ती असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. अँटिबायोटिकच्या पट्ट्यांवर ती सापडेल. किती घरांत अशा अर्धवट संपवलेल्या पट्ट्या डब्यात पडून आहेत, एवढे मोजले तरी वर्गाचा एक उत्तम लेख होईल.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात तर मोजमापाचीच चूक होते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप दोन्ही मिळतात. थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, नाहीतर २५०. सिरपच्या सवयीने थेंबांचे औषध ५ मिली पाजले, तर बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेले. म्हणून 'एक चमचा' असे कुणीही लिहू नये. घरात चहाचा चमचाही असतो आणि पोह्यांचाही. बाटलीसोबत येणारे मापच वापरायचे. ओआरएसचेही तसेच. २०.५ ग्रॅमचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचे असते. घरात लिटरचे माप नसते म्हणून कोणी ते पेल्यात टाकते, कोणी थोडी थोडी पूड काढून अंदाजाने कालवते. पेल्यात सगळे टाकले तर मीठ जास्त होऊन जुलाब झालेल्या मुलाला उलट अपाय होतो. विकत मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली हे प्रत्येक घरातले माप आहे, असे एका मुलीने आपल्या सोसायटीच्या फलकावर लिहून लावले तरी मोठे काम झाले. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे, हे त्याखाली.

डेंग्यूवर मुले पावसाळ्यात दरवर्षी लिहितात, आणि 'अस्वच्छता' हा शब्द दरवर्षी येतो. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. ठाण्यात, नवी मुंबईत पाणीपुरवठ्याचा शटडाऊन जाहीर झाला की घराघरांत पिंपे भरली जातात. म्हणजे डासाचा प्रश्न पाण्याच्या वेळापत्रकाशीही बांधलेला आहे, आणि लोकांना घाणेरडे ठरवून तो सुटत नाही. वर्गाने शंभर नाही तर पन्नास घरे घ्यावीत, सोबत एक टॉर्च आणि वही. किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळ्या दिसल्या. अळ्या सापडलेल्या भांड्यांची संख्या भागिले पाहिलेली घरे, गुणिले शंभर. याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात आणि मलेरिया विभागाचे कर्मचारीही हाच काढतात, त्यामुळे मुलांचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरच्या टाकीचे निसटलेले झाकण या तीन जागा हमखास राहून जातात. साठवलेले पाणी ओतून टाकण्याचा 'कोरडा दिवस' पाळूनही अळ्या का होतात, याचे कारण बहुतेकांना माहीत नसते. अंडी पाण्यात नसून पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि ती कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. पाणी ओतले, पिंप घासले नाही, पुन्हा भरले, की अळ्या तयार. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून घासणे आठवड्यातून एकदा.

मोठ्या मुलांना, म्हणजे अकरावी-बारावी आणि पदवीच्या, एक पायरी पुढे नेता येईल. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच्या निकषाप्रमाणे साधारण ५० हजार लोकवस्तीला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार होती आणि नवी मुंबईची सुमारे ११ लाख २० हजार. भागाकार केला तर ठाण्याला सदतीसच्या आसपास आणि नवी मुंबईला बावीस केंद्रे येतात, तीही त्या वेळच्या लोकसंख्येवर. आज आपल्या प्रभागात लोक किती, केंद्र कुठे, तिथवर टीएमटी किंवा एनएमएमटीची बस जाते का, की रिक्षाच करावी लागते, हे मुलांनी शोधावे. शहापूर, मुरबाडकडच्या मुलांनी आपला वेगळा निकष घ्यावा. सपाट भागात ५ हजार लोकांना एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजारांना एक.

ही माहिती फलकावर किंवा संकेतस्थळावर मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार आहे. पालकांच्या किंवा शिक्षकांच्या नावे अर्ज करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. ही १५० शब्दांची मर्यादा म्हणजे भाषेच्या शिक्षकाला मिळालेली देणगी समजावी. 'औषधे का मिळत नाहीत?' असे विचारले तर अर्ज निकामी होतो, कारण 'का'चे उत्तर हा दस्तऐवज नसतो. 'अमुक केंद्रात अमुक तीन महिन्यांत साठा संपलेल्या औषधांची यादी आणि संपल्याची तारीख' असे मागितले तर नोंदवहीची प्रत द्यावी लागते. एकाच प्रश्नाची ही दोन रूपे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

आता जिथे हमखास चुका होतात ते. पहिली, परवानगी. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठवडाभर आधी द्यावे. त्यात दिवस, वेळ, मुलांची संख्या आणि सोबत येणाऱ्या शिक्षकाचे नाव असावे. वॉर्डात, लेबर रूममध्ये, क्षयरोगाच्या ओपीडीत मुलांना नेऊ नये. दुसरी चूक मोबाइलची. रुग्णाचा फोटो काढायचा नाही, चेहरा झाकूनही नाही. कापडाची पट्टी, गळ्यातला ताईत, शेजारी बसलेला नातेवाईक, एवढ्यावरून वस्तीत माणूस ओळखला जातो. पाटीचा, रॅम्पचा, नळाचा फोटो चालेल. रॅम्प मोजायचाच असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांबी हवी, हे टेपने तपासता येते.

तिसरी चूक मोठ्यांची. घरचे किंवा शिक्षकच लेख लिहून देतात, किंवा दुकानात तयार मिळणारा प्रकल्प उतरवला जातो. यावर उपाय सोपा आहे. लेखासोबत कच्ची वही मागावी. चिठ्ठ्या, खाडाखोड, तारखा असलेली वही विकत मिळत नाही, आणि गुण द्यायचेच असतील तर त्या वहीला अर्धे द्यावेत.

आणखी एक गोष्ट जपून सांगायची आहे. आरोग्यावर लिहायला सांगितले की काही मूल स्वतःच्या घरातले दुखणे लिहिते, कधी स्वतःच्या मनाचे. असा कागद स्पर्धेला जाऊ नये, वर्गात वाचला जाऊ नये. शिक्षकांनी त्या मुलाशी एकांतात बोलावे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मुलांवरच्या अत्याचाराच्या बाबतीत १०९८. हे दोन्ही क्रमांक विषय देण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवावेत.

लेख पूर्ण झाला की आधी तो ज्या केंद्राबद्दल आहे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वाचायला द्यावा. आकडा चुकला असेल तर ते सांगतील, आणि पुष्कळदा छोटी दुरुस्ती तिथल्या तिथे होते. पाटी बदलायला किंवा पाण्याच्या पिंपाला झाकण आणायला वरची मंजुरी लागत नाही. जे त्यांच्या हातात नाही ते प्रभाग समितीकडे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आवक क्रमांक घेऊन. आशाताईंना यात जरूर सामील करावे. कोणत्या गल्लीतली लस चुकली, कोण बाई रक्त वाढायच्या गोळ्या चहाबरोबर घेते, हे त्यांना तोंडपाठ असते, पण लिहून मांडायला त्यांना उसंत नसते. मुलांनी त्यांचे ऐकून लिहावे.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे एवढेच की ठाणे-नवी मुंबईच्या पानावर महिन्यातून एकदा अशा एका लेखाला जागा द्यावी. लेखावर शाळेचे नाव आणि मुलाचे फक्त पहिले नाव असावे. त्याच्या शेजारी संबंधित कार्यालयाचे उत्तर छापावे आणि उत्तर आले नसेल तर 'उत्तराची वाट पाहत आहोत' ही ओळ पत्र दिल्याच्या तारखेसह. पुढच्या महिन्यात नव्या लेखाखाली मागच्याचे काय झाले ते दोन ओळींत यावे. पहिले, दुसरे, तिसरे असे क्रमांक देऊ नयेत. नाहीतर मुले पुन्हा सुभाषितांकडे वळतील.

पहिल्या खेपेचा विषय आम्ही सुचवतो : 'आमच्या घराजवळच्या दवाखान्यातली एक पाटी'. शब्दमर्यादा ३००. सोबत पाटीचा फोटो, दहा जणांना विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे आणि मुलांनी लिहिलेला नवा मजकूर.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही शिक्षक, परिचारिका आणि फार्मासिस्ट